स्पेनला जाऊन टोमॅटोचा मार खावा का?

हेमांगी_क (धागाकर्ती)

मंडळी, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं स्पेनला जातोय: मी, नवरा, नणंद आणि नणंदेचा नवरा. माद्रिद, तोलेदो, ग्रानादा यावर कुणाचं दुमत नाही. घोडं अडलंय ते वालेन्सियापाशी. तिथून जवळच बुन्योल नावाचं गाव आहे. तिथल्या ला तोमातिनाला, म्हणजे टोमॅटोफेकीच्या त्या प्रसिद्ध जत्रेला, जायचंच असा दोन्ही पुरुषमंडळींचा हट्ट आहे. तिकिटं काढू का, तिकिटं काढू का, असा रोज धोशा चाललाय.

माझ्या शंका अशा. गर्दी म्हटली की मला धडकी भरते, आणि इथे वीसेक हजार माणसं अरुंद गल्ल्यांत कोंबतात म्हणे. बायकांना तिथे कितपत सुरक्षित वाटतं? दुसरं म्हणजे सासूबाईंनी परवा जेवताना एकच वाक्य टाकलं, "अन्न पायदळी तुडवायला एवढे पैसे खर्चून जायचं?" त्यावर नवरा गप्प, आणि मीही आमटीत बघत बसले.

कुणी गेलंय का? जाण्यासारखं आहे, की नुसतं फोटोपुरतं?

वाटाणा_उसळ

आधी इथला टोमॅटोचा भाव बघा, मग ठरवा. शंभरीपार असेल तर जाऊच नका, जीव तुटेल. (हलकेच घ्या.)

पाटाचं_पाणी

हे सगळं २०११ च्या 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'चं पाप आहे. त्याआधी आपल्याकडे किती जणांना बुन्योल माहीत होतं? हृतिक, फरहान आणि अभय देओल टोमॅटोत लोळले आणि तेव्हापासून प्रत्येक बॅचलर ग्रुपच्या यादीत स्पेन आलं. गंमत म्हणजे तो प्रसंग खऱ्या जत्रेतला नाहीच. बुन्योलच्या गल्ल्यांत चित्रीकरणासाठी जत्रा नव्याने उभी केली होती, आणि त्यासाठी पोर्तुगालहून १६ टन टोमॅटो आणल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या.

हेमांगी_क

@पाटाचं_पाणी, अगदी बरोबर ओळखलंत. नणंदेच्या नवऱ्याने तो सिनेमा इतक्या वेळा पाहिलाय की संवाद त्याच्या आधी आम्हीच म्हणतो.

बार्सिलोनाकर

मी नोकरीनिमित्त इकडेच असतो आणि तोमातिना एकदा अंगावर घेतली आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी इतिहास, कारण दर वेळी कुणीतरी 'ही फार प्राचीन परंपरा' असं ठोकून देतं. प्राचीन-बिचीन काही नाही. १९४५ सालची गोष्ट. ऑगस्टचा शेवटचा बुधवार, गावची जत्रा चालू, चौकात उंचच उंच बाहुल्यांची आणि मोठाल्या डोक्यांच्या सोंगांची मिरवणूक. काही पोरं मध्ये घुसली, ढकलाढकली झाली, एक सोंग आडवं पडलं, आतला माणूस भडकला. शेजारीच भाजीचं दुकान होतं. पुढचं सांगायला नको. पुढच्या वर्षी त्याच बुधवारी पोरं घरूनच टोमॅटो घेऊन आली. झाली परंपरा सुरू.

पन्नासच्या दशकात बंदी आली. हुकूमशहा फ्रँकोची राजवट, जत्रेला कुठल्या संताचा आधार नाही, मग कशाला पाहिजेत हे चाळे? काही जणांना पकडूनही नेलं. गावकऱ्यांनी १९५७ साली काय करावं? टोमॅटोची अंत्ययात्रा काढली. शवपेटीत एक भलामोठा टोमॅटो आणि मागून बँड शोकधून वाजवत चाललाय. सरकारने शेवटी हात टेकले. १९८० पासून टोमॅटो नगरपालिकाच पुरवते. १९८३ साली स्पॅनिश टीव्हीवर हावियेर बासिलियो या पत्रकाराने त्यावर वार्तांकन केलं आणि जत्रा देशभर माहीत झाली. २००२ पासून तिला आंतरराष्ट्रीय पर्यटन महत्त्वाच्या उत्सवाचा अधिकृत दर्जा आहे.

तिकीट का लागतं, तर गाव जेमतेम नऊ-दहा हजार वस्तीचं, आणि २०१२ पर्यंत चाळीस-पन्नास हजार माणसं येऊन कोसळायची. २०१३ पासून तिकीट लावलं आणि वीस हजारांच्या आसपास मर्यादा घातली. गावकऱ्यांना प्रवेश फुकट.

अनुभवाचं रात्री लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

शंकेखोर

@बार्सिलोनाकर, मी तर वाचलं होतं की लोकांनी चिडून नगरसेवकांवर टोमॅटो फेकले आणि तिथून सुरुवात झाली. कुठलं खरं?

वाटाणा_उसळ

नगरसेवकांवर टोमॅटो फेकायचा उत्सव असेल तर तिकिटाला रांग आपल्याकडे लागेल.

बार्सिलोनाकर

@शंकेखोर, बुन्योलमध्ये दोन म्हाताऱ्यांना विचारलंत तर तीन कथा मिळतील. मिरवणुकीची कथा बहुतेक ठिकाणी सांगितली जाते, म्हणून ती दिली. नगरसेवकांची कथा ऐकायला जास्त गोड लागते, एवढं खरं.

जुन्नरी_माणूस

मी टोमॅटो लावतो. नारायणगाव मार्केटला माल जातो. त्यामुळे या धाग्यावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं समजतो.

तुम्ही म्हणता 'टोमॅटो फेकतात' आणि आम्हाला डोळ्यासमोर वेगळंच येतं. रोप आणायचं, मल्चिंग अंथरायचं, ठिबक जोडायचं, बांबू रोवायचे, तारा ओढायच्या, सुतळीने एकेक झाड वर बांधत न्यायचं. करपा आला की फवारणी, नागअळी आली की फवारणी. तोडणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. वीस किलोचं एक कॅरेट भरून मार्केटला उतरवलं की व्यापारी वरचे दोन टोमॅटो उचलतो, अंगठ्याने दाबून बघतो आणि भाव सांगतो. त्या अंगठ्यावर चार महिन्यांचा हिशेब असतो. २०२३ च्या जुलैत भाव वर गेला तेव्हा टीव्हीवाले आमच्या बांधावर येऊन गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये नाशिकच्या पोरांनी किलोला दोन-तीन रुपये मिळतात म्हणून रस्त्यावर कॅरेट ओतले, तेव्हा तेच टीव्हीवाले दोन मिनिटं दाखवून क्रिकेटकडे वळले.

शाळेत मराठीच्या पुस्तकात एक धडा होता, बाजारात भाव मिळेना म्हणून बाप स्वतःच आपल्या टोमॅटोंवर नाचतो. वर्गात सर वाचत होते तेव्हा मागच्या बाकावर आम्ही तिघं-चौघं मान खाली घालून बसलो होतो. आमच्याकडे तेव्हा टोमॅटोच होते.

ताई, तुम्ही जा किंवा जाऊ नका, माझं म्हणणं नाही. फक्त तिथून 'रेड मस्ती' असलं काही लिहून फोटो टाकू नका.

ऋजुता_०७

@जुन्नरी_माणूस, काय लिहिलंय! तो धडा मलाही आठवतो. बापाच्या पायाखालचा तो चिखल डोळ्यासमोरून जात नाही.

त्रैराशिक

भावना समजतात, पण थोडा हिशेब करू. तोमातिनाला वर्षाला सव्वाशे-दीडशे टन टोमॅटो लागतात. दीडशे टन म्हणजे वीस किलोची साडेसात हजार कॅरेट. हंगामात नारायणगावला एका दिवसात याहून जास्त उतरतात. स्पेनचं वर्षाचं टोमॅटो उत्पादन चाळीस लाख टनांच्या आसपास आहे. म्हणजे फेकतात ते किती, तर शंभर किलोमागे चार ग्रॅम. त्याहून कितीतरी जास्त माल तिथल्या शेतात, गोदामात आणि घराघरांतल्या फ्रिजमध्ये सडतो आणि त्यावर कुणी सिनेमा काढत नाही. आपल्या लग्नांतल्या बुफेचं तर बोलूच नका. सासूबाईंना सांगा, गेल्या लग्नसराईत जिलेबीचे किती ताट उष्टे गेले ते मोजा.

हेमांगी_क

सासूबाईंना तुम्हीच सांगा, नंबर देते.

तुळशी_वृंदावन

@त्रैराशिक, टक्केवारी काढली की पाप कमी होतं का? मुद्दा किती फेकलं हा नाहीच. अन्नाकडे खेळणं म्हणून बघायचं की नाही, हा आहे. आमच्या घरी भाताचं शीत सांडलं तरी उचलून कपाळाला लावायची पद्धत होती. ती पद्धत मला शंभर टक्के पटते आणि त्यासाठी मला हिशेब लागत नाही.

त्रैराशिक

आदर आहे. पण मग दहीहंडीतलं दही-दूध, रंगपंचमीची अंडी, वाढदिवसाला तोंडाला फासलेला केक? तिथे कपाळाला काय लावायचं?

तुळशी_वृंदावन

केक फासणाऱ्यांना मी वेगळ्या नरकात पाठवते. तो विषय काढू नका.

बंगळूरी_पुणेकर

नासाडीवरून आठवलं. २०११ मध्येच सिनेमाच्या लाटेवर बंगळूर आणि म्हैसूरकडे तोमातिनाच्या नकला करायचं घाटत होतं. ओरड झाली. शेतकरी संघटना, सामान्य लोक, सगळ्यांनी विरोध केला आणि तेव्हाचे मुख्यमंत्री सदानंद गौडा यांनी परवानगी देऊ नका असे आदेश दिले. कारण हेच, अन्नाची नासाडी. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो, ऑफिसातल्या पोरांनी पांढरे टीशर्टसुद्धा घेऊन ठेवले होते. मला बंदी पटली होती आणि अजून पटते. तिथे ती गावाची जत्रा आहे. इथे पब आणि इव्हेंटवाल्यांचा धंदा झाला असता.

बार्सिलोनाकर

आलो परत. @बंगळूरी_पुणेकर म्हणतात त्यात दम आहे, त्याकडे येतोच.

आदल्या दिवसापासूनच बुन्योलमधली दुकानं आणि घरं प्लॅस्टिकच्या ताडपत्र्यांनी मढवायला घेतात. खिडक्या, दारं, बाल्कन्या, सगळं. सकाळी चौकात साबण चोपडलेला उंच खांब असतो आणि टोकाला हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, टांगलेलं. एकमेकांच्या खांद्यावर चढून ते काढायचं. बहुतेक वेळा कुणालाच काढता येत नाही. चढणारे घसरत राहतात, खालचे ओरडत राहतात, वरून कुणीतरी बादलीने पाणी ओततं.

मग तोफेसारखा बार उडतो. पूर्वी सकाळी अकराला उडायचा, अलीकडे दुपारी बाराला. ट्रक गल्लीत शिरतात, सहा-सात असतात. गल्ली इतकी अरुंद आहे की ट्रक आला की सगळी गर्दी भिंतीला चिकटते, पोट आत ओढून. ट्रकच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा उरते. ट्रकवरचे गावकरी आधी हाताने फेकतात आणि मग मागचा हौदा वर उचलून ढीग ओततात. त्या क्षणी आजूबाजूला जे काही असतं ते लाल होतं. पहिली पाच मिनिटं तुम्ही फेकता. पुढची पंधरा मिनिटं तुमच्यावर फेकलं जातं. त्यानंतर कोण कुणाला मारतंय याचा पत्ता नसतो, घोट्यापर्यंत रसात उभे राहून खाली सापडेल ते उचलायचं आणि भिरकावायचं.

नियम पक्के आहेत: टोमॅटो हातात चुरडूनच फेकायचा, दुसरं काही फेकायचं नाही, बाटल्या आणि बॅगा न्यायच्या नाहीत, कुणाचे कपडे फाडायचे नाहीत, ट्रकपासून लांब राहायचं. तासाभराने दुसरा बार उडाला की हात खाली. आणि खरंच थांबतात हो! मला त्याचंच जास्त आश्चर्य वाटलं. पाच-दहा सेकंद कुठेतरी एखादा टोमॅटो उडतो, मग संपलं. हार-जीत काही नाही. लगेच पाण्याचे बंब आणि पाइप येतात, लोक बाल्कनीतून, दारातून बादल्या, नळ्या घेऊन तुम्हाला धुतात. टोमॅटोच्या आम्लामुळे रस्ते लख्ख निघतात असं तिथले अभिमानाने सांगतात, आणि फरशी खरंच चकाकत होती.

टोमॅटो खायच्या प्रतीचे नसतात. पश्चिम स्पेनमधल्या एक्स्ट्रेमादुरा प्रांतातून येतात, तिकडे प्युरीसाठीचा टोमॅटो ढिगाने होतो. पेअरच्या आकाराचे, लांबट. अलीकडच्या वर्षांत तिथल्या डॉन बेनितो गावाकडून आणलेत.

एकूण मत: जाऊन आलो ते बरं झालं, पुन्हा जाणार नाही.

चष्मिस

चष्मेवाल्यांनी काय करायचं? कॉन्टॅक्ट लेन्स चालतील का?

बार्सिलोनाकर

@चष्मिस, लेन्स अजिबात नको. डोळ्यात रस गेला की आग होते, आणि लेन्सखाली अडकला तर कल्याण. पोहण्याचा गॉगल लावा, तोही चांगला घट्ट. चष्मा खोलीवर ठेवा. गर्दीत तसंही लाल रंगाशिवाय काही दिसत नाही.

जुन्नरी_माणूस

@बार्सिलोनाकर, एक प्रश्न. त्या एक्स्ट्रेमादुरावाल्या शेतकऱ्याला पैसे मिळतात ना? म्हणजे नगरपालिका विकत घेते ना माल?

बार्सिलोनाकर

हो, विकतच. नगरपालिका खर्च करते, तिकिटाच्या पैशातून काही वसूल होतो.

जुन्नरी_माणूस

मग माझी काय हरकत? उलट ऐका. आमच्याकडे दुय्यम प्रतीचा माल, चिरलेला, ऊन लागलेला, मार्केटमध्ये कुणी हात लावत नाही. गाडीभाडं अंगावर येतं म्हणून तिथेच टाकून येतो. जनावरं खातात. तो माल कुणी ठरलेल्या भावाने घेऊन अंगावर मारून घेणार असेल तर मी स्वतः ट्रॅक्टर भरून येतो आणि पहिला टोमॅटो फेकायचा मानही सोडतो. नासाडीचं बोलणारे, माफ करा, पण त्यांनी कधी टाकून दिलेल्या मालाचे पैसे दिलेत का? आमचा माल रस्त्यावर पडतो तेव्हा त्याचे पैसे कुणीच दिलेले नसतात, म्हणून पोटात तुटतं. पैसे देऊन घेतलेला माल कुणी खावा, चुरडावा, देवाला वाहावा, ती त्याची मर्जी.

तुळशी_वृंदावन

हे मला सुचलं नव्हतं. तरी शीत उचलणारच.

जुन्नरी_माणूस

उचला, उचला. शीत उचलणाऱ्यांच्या जिवावरच शेती चाललीय.

माशेलकार

आमच्या गोव्यात माशेलला चिखलकालो असतो, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोर. अंगाला तेल चोपडून, भर पावसात, चिखलात माणसं लोळतात, खेळतात, एकमेकांना ओढतात. दिसायला तोमातिनाच, पण फेकायला चिखल, म्हणून कुणाच्या पोटावर पाय नाही. अलीकडे पर्यटन खातंही त्यात उतरलंय. आता कॅमेरेवाले चिखलापेक्षा जास्त दिसायला लागलेत. बुन्योलचं वाचून पोटात गोळा आला. उद्या माशेललाही तिकीट लागलं तर गावच्या लोकांना फुकट ठेवतील ना?

पांढुर्ण्याचा_जावई

काय टोमॅटो टोमॅटो लावलं राजेहो. आमच्या सासुरवाडीला या. पांढुर्णा. मध्य प्रदेशात आहे, पण बोली मराठीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधे पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा. दोन्हीकडून दगड! दर वर्षी शेकडो लोक जखमी होतात, माणसं गेली आहेत. प्रशासनाने मधे रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी घेतले नाहीत. पहिल्या वर्षी सासऱ्यांनी मला गच्चीवर बसवलं आणि खाली उतरायचं नाही म्हणून दाराला कडी लावली. चुरडून फेकायचा नियम करणारे स्पेनवाले मला लयच शहाणे वाटतात.

सातारी_कंदी

आमच्या खंडाळा तालुक्यात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बोरीचा बार असतो. सुखेड आणि बोरी, मधे ओढा, दोन्ही काठांवर बायका, आणि फक्त शिव्या. ना दगड, ना टोमॅटो. खर्च शून्य, नासाडी शून्य, कपडे धुवायची गरज नाही. पर्यावरणपूरक.

वाटाणा_उसळ

@सातारी_कंदी, या धाग्याची विजेती नोंद हीच. बाकीच्यांनी घरी जा.

बागायतदार_निफाड

टोमॅटो झाले, आता द्राक्षावर या. स्पेनमध्येच ला रियोखा भागात आरो नावाचं गाव आहे, तिथे २९ जूनला वाइनची लढाई असते. सगळे पांढऱ्या कपड्यात, गळ्यात लाल रुमाल, सकाळी डोंगरावर बिलिबियोच्या कड्यांपाशी चालत जातात आणि लाल वाइन एकमेकांवर उडवतात. कशाने उडवतात, तर चामड्याच्या पिशव्या, बादल्या, आणि पाठीवरचे फवारणीचे पंप! द्राक्षबागेत औषध मारायला आपण जो वापरतो तोच. व्हिडिओत पाहिला आणि मुलाला हाक मारून दाखवला. तो म्हणाला, बाबा, पंप धुतलेला असेल ना आधी? बरोबर प्रश्न विचारला पोराने.

शंकेखोर

आणि अलिकान्तेजवळच्या इबीत २८ डिसेंबरला अंडी आणि पीठ. तोंडं रंगवलेले लोक एका दिवसापुरतं गाव ताब्यात घेतात, लोकांना काहीबाही दंड ठोकतात आणि जमलेला पैसा दान करतात. या देशाला जेवायला बसवलं तर ताट पूर्ण होईल का शंका आहे.

प्रशासक

गोटमार, बोरीचा बार आणि फवारणी पंप हे सगळं वाचायला मजा येते आहे, तरी हेमांगी यांचा मूळ प्रश्न अजून निम्माच सुटलाय. बायकांच्या सुरक्षिततेबद्दल कुणी लिहिलेलं नाही. कृपया.

ऋजुता_०७

मी लिहिते, मी गेलेली आहे. मैत्रिणींसोबत, चौघी जणी.

खरं सांगायचं तर मध्यभागी गेलात तर त्रास होण्याची शक्यता आहे. कपडे फाडायचे नाहीत हा नियम कागदावर पक्का आहे, गर्दीत दारू प्यायलेल्या पोरांच्या टोळक्यांना तो आठवत नाही. माझ्या मैत्रिणीचा टीशर्ट मागून ओढला, आणि नको तिथे हात लागले. कुणाचे ते कळणं अशक्य, सगळे लाल. तिथे ओरडलो तर आजूबाजूच्या स्पॅनिश बायका लगेच पुढे आल्या, एका आजीबाईंनी आम्हाला दरवाजा उघडून आत घेतलं आणि पाइपने धुवून काढलं. तेवढं सोडलं तर बाकी सगळं मजेचंच होतं, हेही तितकंच खरं.

मी सांगेन ते असं: मुख्य चौक आणि त्याला लागून असलेला रस्ता टाळा, जिथे ट्रक थांबून ढीग ओततात. थोडं वरच्या बाजूला, गल्लीच्या तोंडाशी उभं राहा, तिथे गर्दी निम्मी आणि मार पुरेसा. आत घट्ट स्विमसूट, वर सैल टीशर्ट. जुने पण घट्ट बांधलेले बूट, चपला अजिबात नको, रसात सापडणार नाहीत. स्पेनमधल्या बऱ्याच जत्रांत छेडछाडीच्या तक्रारीसाठी जांभळ्या रंगाचा मदत-बूथ असतो, आत शिरतानाच तो कुठे आहे ते बघून ठेवा. फोन लॉकरमध्ये. वॉटरप्रूफ पाऊच नेऊ नका, काढून फोटो घ्यायचा मोह होतो आणि तेवढ्यात डोळ्यावर बसतो.

हेमांगी, गर्दीची धडकी भरत असेल तर मी तुला आग्रह करणार नाही. ती भीती तिथे जाऊन कमी होत नाही.

हेमांगी_क

@ऋजुता_०७, खूप खूप धन्यवाद. हेच हवं होतं. नणंदेला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "मी बाल्कनीत बसून बघते, बाल्कनी भाड्याने मिळते का विचार."

बार्सिलोनाकर

काही घरं देतात भाड्याने, पण महाग असतात आणि खालून तुमच्यावरही बसतात, भ्रमात राहू नका.

त्यापेक्षा दोघींनी आदल्या संध्याकाळी बुन्योलला जा. तोमातिना ही जत्रेतला एक तास आहे, जत्रा आठवडाभर चालते. आदल्या रात्री रस्त्यावर लाकडावर पाएय्या (इकडचा केशरी भात) शिजतात, गावाचा किल्ला फिरून बघता येतो. आणि पर्यटकांना बहुधा ठाऊक नसलेली गोष्ट: बुन्योल हे बँडवाल्यांचं गाव आहे. ला आर्तिस्तिका आणि ला आर्मोनिका अशा दोन संगीत संस्था, दोघींची आपापली सभागृहं, आणि निम्मं गाव एका बाजूला तर निम्मं दुसऱ्या. जत्रेत त्यांची एकाआड एक मैफल होते. टोमॅटोपेक्षा जास्त इरेला ते तिथे पेटतात. टोमॅटोसाठी जमते ती निम्मी परदेशी गर्दी, या मैफलीला समोर बसतात ते गावकरी. मला विचाराल तर गावाची खरी जत्रा तीच.

वालेन्सियाहून जायचं तर सी-३ लोकल गाडी आहे. ऑक्टोबर २०२४ च्या महापुरात त्या भागाचं फार नुकसान झालं, शेजारच्या चिवा गावाचे हाल सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले असतील, बुन्योललाही झळ बसली आणि रेल्वेमार्गही उखडला होता. म्हणून निघण्यापूर्वी गाडी कुठपर्यंत धावतेय ते बघून घ्या, नाहीतर जत्रेसाठी वालेन्सियाहून बस सुटतात.

हेमांगी_क

ठरलं तर मग. दोन्ही पुरुष गल्लीत जातील आणि लाल होऊन येतील. आम्ही दोघी आदल्या रात्री पाएय्या आणि बँड, सकाळी साबणाचा खांब बघायचा आणि बार उडण्याआधी गावाबाहेर. सासूबाईंना जुन्नरी_माणूस यांचं म्हणणं सांगितलं, टाकून दिलेल्या मालाचे पैसे कुणी देतं का ते. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पैसे दिले म्हणून काय झालं, टोमॅटो थोडाच पैसे मोजतो?" म्हणजे त्यांचं उत्तर तेच आहे. जायला मात्र आता हरकत नाही म्हणाल्या, "त्या पोरांना फेकू देत, तुम्ही बायका जाऊन गाणं ऐका."

तुळशी_वृंदावन

सासूबाई माझ्या पक्षातल्या. नमस्कार सांगा.

वाटाणा_उसळ

नवऱ्याचा तो पांढरा टीशर्ट परत आणणार का? डाग जातात का?

ऋजुता_०७

जात नाहीत. तिथेच टाकून या, सगळे टाकतात. वालेन्सियाला परतणाऱ्या बसमध्ये रस गळत असेल तर चढू देत नाहीत, कपडे बदलूनच बस पकडा. कानातून बिया मात्र बरेच दिवस निघत राहतात.

जुन्नरी_माणूस

ताई, एक काम करा. तिथल्या मालाची कातडी जाड आहे का पातळ, फळ किती लांब आहे, आतून भरीव आहे का पोकळ, नीट बघून सांगा. फोटो मिळाला तर फारच छान.

हेमांगी_क

फोन लॉकरमध्ये ठेवायचाय असं वर ठरलंय! नवऱ्याला सांगते, ट्रकवरून पडलेला एखादा न चुरडता पिशवीत घालून आण.

बार्सिलोनाकर

न चुरडता हातात धरून उभा राहिला तर आजूबाजूचे आठ जण त्याच्याकडे बघून हसतील आणि नेम धरतील. पण हरकत नाही, खिशात ठेव म्हणावं.